फोर्ब्स फील्डची भिंत : एका दिवाळी अंकाच्या लेखाच्या नोंदी

१० ऑगस्ट २०२४

मंडळाच्या दिवाळी अंकासाठी यंदा मी बेसबॉलवर लिहावे असे संपादकबाईंनी सुचवले आणि मी लगेच होकार दिला, कारण पिट्सबर्गमध्ये ३६ वर्षे राहूनही या गावाची सर्वांत लाडकी गोष्ट मी कधी बसून नीट ऐकलेली नाही. ही गोष्ट १३ ऑक्टोबर १९६० ची आहे. त्या गुरुवारी दुपारी ओकलंड भागातील फोर्ब्स फील्ड मैदानावर वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अंतिम मालिकेचा, सातवा आणि निर्णायक सामना झाला. नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात बिल मॅझरोस्की यांनी चेंडू डावीकडच्या भिंतीवरून बाहेर धाडला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने न्यूयॉर्क यँकीजवर १०–९ असा विजय मिळवला. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना शेवटच्या फटक्यातील होम रनने, म्हणजे असा चेंडू मैदानाबाहेर धाडून, संपल्याचे हे आजवरचे एकमेव उदाहरण आहे.

सामन्याचे वर्णन पुन्हा लिहिण्यात मला रस नाही, कारण ते शेकडो जणांनी लिहिले आहे. माजी खेळाडूंनी पुढे आयुष्यभर या दुपारीबद्दल काय सांगितले, प्रेक्षकांनी काय सांगितले आणि धावपत्रक काय सांगते, या तिन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहायच्या आहेत. सुदैवाने आमच्या शेजारी राहणारे गृहस्थ, ज्यांना आमच्या घरात सगळे ‘आजोबा’ म्हणतात, त्या दिवशी तिथे होते. पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले हे गृहस्थ आता ७९ वर्षांचे आहेत.

१७ ऑगस्ट

आज दिवसभर धावपत्रक पाहिले. बेसबॉलच्या धावपत्रकात माणसांऐवजी आकडे खेळतात. चेंडू फेकणारा पिचर १, त्याच्यासमोरचा कॅचर २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५ आणि दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६, अशी ही व्यवस्था असते, आणि तीन वेळा चुकून बाद झालेल्या बॅटरसाठी ‘के’ हे अक्षर लिहितात. १३ ऑक्टोबरच्या पत्रकात ‘के’ एकदाही येत नाही. दोन्ही संघांनी मिळून १९ धावा केल्या आणि एकही बॅटर स्ट्राइकआउट झाला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा दुसरा सामना नाही. कुणाच्याही आठवणीत मात्र ही गोष्ट सापडत नाही. जे घडले नाही ते कुणाच्या लक्षात राहत नाही, ते फक्त कागद सांगतो.

मालिकेच्या बेरजा तर चक्रावून टाकणाऱ्या आहेत. यँकीजने दुसरा सामना १६–३, तिसरा १०–० आणि सहावा १२–० असा जिंकला. पायरेट्सने ६–४, ३–२, ५–२ आणि १०–९ असे चार सामने कसेबसे खेचून आणले. सात सामन्यांत यँकीजच्या ५५ धावा आणि पायरेट्सच्या २७ धावा, आणि विजेते पायरेट्स. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान यँकीजच्या बॉबी रिचर्डसन यांना मिळाला, म्हणजे तो हरलेल्या संघाकडे गेला.

शब्दांचा प्रश्न आजच सोडवून टाकला. इनिंगला ‘डाव’ म्हटले तर आपल्या वाचकासमोर दिवसभर चालणारा क्रिकेटचा डाव उभा राहतो आणि नऊ डाव अडीच तासांत कसे संपले हे त्याला कळत नाही, म्हणून ‘इनिंग’ हाच शब्द ठेवते. आकाशवाणीवर बाळ ज. पंडितांचे समालोचन ऐकत वाढलेल्या माझ्या पिढीला क्रिकेट मराठीत ऐकायची सवय त्यांनी लावली. बेसबॉलला तसा कुणी भेटला नाही, त्यामुळे पिचर, बॅटर आणि बेस हे शब्द जसेच्या तसे घ्यावे लागतील.

२४ ऑगस्ट

ओकलंडला जाऊन आले. १९०९ मध्ये उघडलेले फोर्ब्स फील्ड १९७० मध्ये बंद झाले आणि पुढच्या वर्षी पाडले गेले. आज त्या जागी पिट्सबर्ग विद्यापीठाच्या इमारती आहेत. त्यांपैकी एका इमारतीत तळमजल्यावर जुनी होम प्लेट, म्हणजे बॅटर जिच्यापाशी उभा राहतो आणि जिथे परत आला की धाव होते ती पाटी, काचेखाली ठेवली आहे आणि विद्यार्थी तिच्यावरून पुस्तके सांभाळत निघून जातात. बाहेर, मैदानाच्या मागच्या भिंतीचा विटांचा एक तुकडा आणि ध्वजस्तंभ शिल्लक आहे. बहुतेक पाहुणे याच तुकड्यासमोर उभे राहून ‘चेंडू इथून गेला’ म्हणून छायाचित्र काढतात. प्रत्यक्षात चेंडू ज्या भागावरून गेला ती भिंत आता नाही. ती कुठून जात होती हे दाखवणारी विटांची ओळ जमिनीत बसवली आहे आणि चेंडूच्या जागेची पाटी पदपथात आहे. ही पाटी मलाही शोधावी लागली.

त्या दिवशी विद्यापीठाच्या कॅथीड्रल ऑफ लर्निंग या उंच इमारतीवरून खाली मैदानाकडे पाहून जल्लोष करणाऱ्या विद्यार्थ्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. याच इमारतीत नालंदेच्या धर्तीवर सजवलेली भारतीय खोली आहे आणि भारतातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला आम्ही ती दाखवायला नेतो. त्याच इमारतीच्या माथ्यावरून हा सामना पाहिला गेला होता, हे मात्र इतक्या वर्षांत एकाही पाहुण्याला मी सांगितलेले नाही.

१ सप्टेंबर

आजोबांची मुलाखत झाली. दोन तासांत कॉफीचे तीन पेले आणि वहीची अकरा पाने संपली.

‘मी तिथे होतो,’ हे त्यांचे पहिले वाक्य होते. तेव्हा ते १५ वर्षांचे होते आणि शाळा चुकवून दोन मित्रांबरोबर आले होते. मैदानात बसून त्यांनी सगळा सामना पाहिला. आठव्या इनिंगपर्यंत पायरेट्स ७–४ असे मागे होते आणि लोक उठून जायला लागले होते, असे ते म्हणतात. मग बिल व्हर्डन यांचा साधा जमिनीवरचा फटका शॉर्टस्टॉप टोनी क्यूबेक यांच्यासमोर अचानक उसळला आणि त्यांच्या गळ्यावर आदळला. धावपत्रकाच्या हिशेबाने तिथे दोन खेळाडू बाद व्हायला हवे होते. झाला एकही नाही, आणि क्यूबेक यांना रुग्णालयात न्यावे लागले. डिक ग्रोट यांच्या फटक्याने एक धाव आली. मग रॉबर्टो क्लेमेंटे यांचा अगदी फुसका फटका पहिल्या बेसच्या बाजूला घरंगळला, पिचर जिम कोट्स बेस सांभाळायला वेळेत पोहोचले नाहीत, आणि आणखी एक धाव मिळाली. त्यानंतर राखीव कॅचर हॅल स्मिथ यांनी तीन धावांचा होम रन मारला आणि ९–७ झाले. आजोबांच्या मते त्या दिवशीचा सर्वांत मोठा गलका याच फटक्याला झाला, मॅझरोस्कींच्या फटक्याला नव्हे. यँकीजने नवव्या इनिंगमध्ये दोन धावा करून बरोबरी साधली नसती तर आज हॅल स्मिथ यांचे नाव या गावातल्या पोरासोरांच्या तोंडी असते.

शेवटच्या चेंडूबद्दल सांगताना आजोबांचा उजवा हात वर गेला आणि कमान काढत स्वतःच्या छातीकडे आला. ‘पिवळ्या झाडांवर पांढरा ठिपका,’ असे ते म्हणाले. म्हणजे ते डाव्या बाजूच्या स्वस्त बाकांवर बसले असावेत. दोनदा ते म्हणाले की तो चेंडू आर्ट डिटमार यांनी टाकला. चेंडू राल्फ टेरी यांचा होता, हे लहान मूलही इथे सांगेल. वयाचा दोष म्हणून मी ते दुरुस्त करून लिहून घेतले. त्या दिवशीचे स्कोअरकार्ड जपून ठेवले आहे का, असे विचारल्यावर त्यांनी ‘आमच्याकडे कुठले स्कोअरकार्ड’ म्हणत पुन्हा कॉफी ओतली. गरिबीच्या दिवसांची आठवण काढून मी त्यांना उगाच अवघडल्यासारखे केले, असे वाटले.

१९ सप्टेंबर

गणपतीमुळे जवळजवळ तीन आठवडे कामाला हात लावला नाही. आज टिपणे पुन्हा लावली, इतकेच.

२२ सप्टेंबर

आज संपूर्ण सामन्याचे चित्रण पाहिले, आणि ते पाहता येते हेच एक नवल आहे. त्या काळी वाहिन्या सामन्यांचे मुद्रण जपून ठेवत नसत, त्यामुळे जवळजवळ ५० वर्षे या सामन्याची काही क्षणचित्रे, छायाचित्रे आणि रेडिओचा आवाज एवढेच उरले होते. गायक-अभिनेते बिंग क्रॉस्बी हे पायरेट्सचे एक भागीदार होते. आपण पाहिले तर संघाला दृष्ट लागेल या भीतीने ते पत्नीसह पॅरिसला गेले आणि तिथून रेडिओवर सामना ऐकू लागले; पण संघ जिंकलाच तर नंतर पाहता यावे म्हणून दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून फिल्मवर मुद्रण करून ठेवण्याची व्यवस्थाही त्यांनी केली होती. (कुलदैवताला नवस बोलून वर वकीलही लावणाऱ्या माझ्या मामांची आठवण झाली.) ती रिळे क्रॉस्बींच्या सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या घराच्या मद्यतळघरात पडून होती, ती डिसेंबर २००९ मध्ये सापडली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गच्या एका नाट्यगृहात ती जाहीरपणे दाखवली गेली, तेव्हा १९६० च्या संघातले काही वृद्ध खेळाडू प्रेक्षकांत होते. ज्या दुपारीबद्दल ते आयुष्यभर बोलत आले होते ती त्यांनी प्रथमच बाहेरून पाहिली.

चित्रणाने आजोबांची एक गोष्ट पक्की केली. हॅल स्मिथ यांच्या फटक्यानंतरचा गोंगाट खरोखर विलक्षण आहे. आणि एक गोष्ट मला चित्रण पाहिल्यावरच समजली. नवव्या इनिंगच्या पूर्वार्धात यँकीजचे मिकी मँटल पहिल्या बेसवर असताना योगी बेरा यांचा फटका पहिल्या बेसजवळच अडवला गेला. बेरा तिथेच बाद झाले. मँटल दुसऱ्या बेसकडे धावले असते तर दुहेरी बळी जाऊन सामना तिथेच संपला असता. पण ते उलट वळून पहिल्या बेसवर झेपावले, स्पर्शातून निसटले, आणि तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा खेळाडू होम प्लेटवर येऊन ९–९ झाले. कागदावर याची नोंद एका रुक्ष ओळीची आहे, आणि ज्यांनी मला हा सामना सांगितला त्यांच्यापैकी कुणीही तिचा उल्लेख केला नव्हता. पिट्सबर्गच्या माणसाने मँटलची हुशारी का आठवावी, हाही प्रश्नच आहे.

चित्रणातला सर्वांत गमतीचा भाग खेळ संपल्यावर येतो. समालोचक बॉब प्रिन्स शेवटच्या क्षणी ड्रेसिंग रूमकडे निघाले होते, त्यामुळे त्यांनी होम रन पाहिलाच नव्हता. समोर आलेल्या मॅझरोस्कींना त्यांनी ‘जगज्जेत्या संघात असल्याचे कसे वाटते’ अशा अर्थाचा एक शिष्टाचाराचा प्रश्न विचारला आणि ते पुढच्या खेळाडूकडे वळले. मॅझरोस्कींनीही ‘अहो, तो मीच’ असे काही म्हटले नाही.

२९ सप्टेंबर

आजचा दिवस राल्फ टेरी यांच्यासाठी ठेवला होता. सामन्यानंतर पत्रकारांनी कोणता चेंडू टाकला असे विचारल्यावर त्यांनी दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे : कोणता ते ठाऊक नाही, चुकीचा होता एवढे नक्की. पहिला चेंडू उंच गेला होता. कॅचर जॉनी ब्लँचर्ड यांनी खाली ठेवायला सांगितले होते. दुसराही वरच राहिला. डाव्या बाजूला उभे असलेले योगी बेरा भिंतीकडे तोंड करून क्षणभर वर पाहतात आणि मग वळून चालू लागतात, हे चित्रणात दिसते.

मराठी वाचकाला टेरींची जागा समजावायला मला फार कष्ट नाहीत. १८ एप्रिल १९८६, शारजा, शेवटचा चेंडू, पाकिस्तानला चार धावा हव्यात, चेतन शर्मा आणि जावेद मियाँदाद, इतके लिहिले की पुरे. त्याच चेतन शर्मांनी पुढच्या वर्षी नागपुरात न्यूझीलंडविरुद्ध तिन्ही फलंदाजांचे त्रिफळे उडवून विश्वचषकातील पहिली हॅटट्रिक घेतली, आणि तरी चारचौघांत त्यांचे नाव निघाले की शारजाच निघते. टेरींनाही त्यांचे नागपूर मिळाले. १९६२ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात त्यांनी सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला एकही धाव करू दिली नाही. १–० अशा आघाडीवर, दोन खेळाडू बेसवर असताना विली मॅककोव्ही यांचा सणसणीत फटका थेट बॉबी रिचर्डसन यांच्या हातात विसावला. त्या मालिकेचे सर्वोत्तम खेळाडू टेरी ठरले. २०२२ मध्ये ते वारले तेव्हाच्या मृत्युलेखांत दोन्ही वर्षे होती, हे आपल्याकडच्यापेक्षा थोडे बरे म्हणायचे.

मॅझरोस्कींच्या बाजूलाही अशीच एक तक्रार आहे. ते मुळात दुसऱ्या बेसवरचे अप्रतिम क्षेत्ररक्षक होते. त्यांना क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार आठ वेळा मिळाला आणि १,७०६ दुहेरी बळींत त्यांचा हात होता. त्यांच्या जागेवर खेळणाऱ्या दुसऱ्या कुणाचाही आकडा एवढा नाही. त्यांना हॉल ऑफ फेममध्ये घ्यायला २००१ साल उजाडले. तिथे बोलायला उभे राहिले, काही मिनिटांतच त्यांना रडू कोसळले आणि लिहून आणलेले भाषण तसेच राहिले. मला या गोष्टीवर अधिक लिहायचे आहे, परंतु शब्दमर्यादा २,००० ची आहे आणि संपादकबाई ती सैल करत नाहीत.

६ ऑक्टोबर

आज प्रथमच रेडिओचे ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले आणि माझ्या हातून झालेली एक चूक कळली.

एनबीसी रेडिओवर शेवटच्या इनिंगचे समालोचन चक थॉम्पसन करत होते. अनुभवी, आवाजाचे गोड आणि शांत गृहस्थ. त्या क्षणी मात्र ते म्हणतात, ‘आर्ट डिटमार चेंडू टाकत आहेत.’ डिटमार तेव्हा बाहेर सराव करत होते, ते त्या सामन्यात उतरलेच नाहीत. होम रन झाल्यावर थॉम्पसन १०–० असा निकाल सांगतात आणि मग तो सुधारतात. गर्दीच्या आवाजात समोरचा पिचर बदलला आणि यँकीजच्या नऊ धावा पुसल्या गेल्या. गोंधळ इतका की ज्या मालिकेत यँकीज एकदा खरोखरच १०–० ने जिंकले होते तिच्यात हा आकडा उलटा फिरून आला.

डिटमार यांना ही चूक महाग पडली. त्या मालिकेत त्यांनी पहिला आणि पाचवा सामना सुरू केला होता आणि दोन्हींत ते लवकर बाहेर गेले होते. यँकीजचे अव्वल पिचर व्हाइटी फोर्ड यांना पहिल्या सामन्यात न उतरवल्याबद्दल व्यवस्थापक केसी स्टेंगल यांच्यावर आजही टीका होते, आणि स्टेंगल यांना तर मालिका संपल्यावर पाचच दिवसांत संघाने निरोप दिला. एवढे सगळे वाट्याला असताना १९८५ मध्ये एका बिअर कंपनीने जाहिरातीत थॉम्पसन यांचा मूळ आवाज वापरला, आणि जो चेंडू आपण टाकलाच नाही तो देशभर पुन्हा पुन्हा आपल्या नावावर फेकला जात असल्याचे डिटमार यांना ऐकावे लागले. त्यांनी दावा लावला. न्यायालयाने तो मान्य केला नाही.

आजोबांना वयाचा दोष नव्हता, हे आता स्पष्ट आहे. त्यांच्या कानात थॉम्पसन आहेत. परंतु मग दुसरा प्रश्न उभा राहतो. मैदानात बसलेल्या माणसाला रेडिओ कसा ऐकू येईल? प्रेक्षकांची अधिकृत संख्या ३६,६८३ होती, आणि या गावात ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असल्याचा विनोद इथे सगळेच करतात. आजोबांना त्या विनोदात ढकलणे मला जड जाते आहे. त्यांना विचारायचे की नाही, हे ठरत नाही. लेखातील त्यांचा परिच्छेद तूर्त बाजूला काढून ठेवला.

१३ ऑक्टोबर

रविवार होता, हवा चांगली होती, आणि आजोबांनीच सकाळी फोन करून ‘येणार ना?’ असे विचारले.

१९८५ मध्ये एक चाहता टेपरेकॉर्डर घेऊन या भिंतीपाशी एकटाच बसला आणि त्याने संपूर्ण सामना ऐकला. तेव्हापासून दर १३ ऑक्टोबरला इथे लोक जमतात. ध्वनिफीत दुपारी अशा बेताने सुरू करतात की मॅझरोस्कींचा फटका बरोबर ३ वाजून ३६ मिनिटांनी पडावा. घडीच्या खुर्च्या, जुन्या टोप्या, मांडीवर नातवंडे. निकाल सगळ्यांना तोंडपाठ असूनही व्हर्डन यांचा चेंडू उसळला तेव्हा माझ्या शेजारच्या बाई डोळे मिटून ‘आता, आता’ म्हणत होत्या. आपल्याकडे सप्ताहात पारायण ऐकणारी माणसे अशीच पुढच्या ओळीच्या आधी मान डोलवतात.

नववी इनिंग सुरू झाली तेव्हा आजोबा उठले आणि भिंतीपासून दूर, पदपथातील पाटीच्या दिशेने चालू लागले. मी मागोमाग गेले. पाटीपाशी ते थांबले नाहीत. ती ओलांडून आणखी काही पावले झाडांच्या बाजूला गेले आणि वळून उभे राहिले. मागून थॉम्पसन यांचा आवाज आला, डिटमार यांचे नाव आले, आणि आजोबांचा उजवा हात वर जाऊन छातीकडे आला.

‘इथे होतो,’ ते म्हणाले. ‘तिकिटाचे पैसे कुणाकडे होते? स्टॅनच्या भावाचा ट्रान्झिस्टर होता.’

भिंतीच्या आत काय चालले आहे ते त्यांना रेडिओ सांगत होता, आणि चेंडू मात्र त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी भिंतीवरून वर येताना आणि झाडांत शिरताना पाहिला. तो शोधायला तेही धावले होते. चेंडू १४ वर्षांच्या एका मुलाला सापडला, त्याने त्यावर मॅझरोस्कींची सही घेतली, आणि पुढे एक दिवस खेळायला दुसरा चेंडू नव्हता म्हणून तोच बाहेर नेला आणि हरवला, अशी गोष्ट इथे सांगितली जाते. आजोबांना ती ऐकून माहीत आहे. ‘मला सापडला असता तरी मी तेच केले असते,’ असे ते म्हणाले.

१४ ऑक्टोबर

१ सप्टेंबरची वही उघडून पाहिली. अकरा पानांत आजोबांच्या तोंडी ‘मैदानात’ हा शब्द कुठेही नाही. ‘मी तिथे होतो’ हे त्यांचे शब्द आहेत. ‘मैदानात बसून’ हे माझे. स्वस्त बाकही मीच बसवले. हात छातीकडे येत होता, स्कोअरकार्ड नव्हते, पिचरचे नाव रेडिओवरचे होते, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्यासाठी एकेक कारण शोधून दिले.

परिच्छेद पुन्हा लिहिला. आजोबा आता भिंतीबाहेर आहेत, आणि शेवटचा चेंडू त्यांच्या परिच्छेदात डिटमार टाकतात, तर त्याच्या आधीच्या परिच्छेदात टेरी टाकतात. सायंकाळी संपादकबाईंचा फोन आला की एकाच पानावर दोन नावे आली आहेत, त्यांपैकी कोणते ठेवायचे. दोन्ही ठेवा, असे सांगितले. आणि ३६,६८३ च्या आकड्यापुढे ‘भिंतीच्या आत’ एवढे दोन शब्द घालायला सांगितले.